बरणीतलं मीठ

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वांना सलाम, नमस्कार आणि आदाब. आपल्या शाळेत हे तिन्ही शब्द रोज कानावर पडायचे, म्हणून तिन्ही म्हटले.

संयोजकांनी मला विषय दिला आहे : ‘जगाच्या प्रभावात राहून ख्रिस्ती माणसाने विश्वासू कसं राहावं?’ रविवारची सकाळ, मिशनची शाळा आणि मी पाळकाची नात, त्यामुळे असा विषय माझ्या वाट्याला येणं साहजिक आहे. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण ख्रिस्ती नाहीत. त्यांच्या मनात येईल, ‘जग म्हणजे आम्हीच की काय? ही बाई आमच्यापासून दूर कसं राहायचं ते सांगायला उभी राहिली आहे का?’ म्हणून सुरुवात ‘जग’ या शब्दापासूनच करते.

आमच्या शास्त्रात ‘जग’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी येतो. एक जग देवाने निर्माण केलेलं आणि चांगलं म्हटलेलं. डोंगर, नद्या, ज्वारीचं शेत, गाणं, गणित हे सगळं त्यात आलं. दुसरं जग म्हणजे माणसं, सगळी माणसं, ज्यांच्यावर देवाने इतकी प्रीती केली की आपला पुत्र दिला. आणि तिसरं जग म्हणजे एक ओढ आहे. दिसेल ते हवं वाटणं, आहे त्याचा तोरा मिरवणं, वरच्याला भिणं आणि खालच्याला दाबणं, ही ती ओढ. योहान आपल्या पत्रात ज्या जगावर प्रीती करू नका म्हणतो, ते हे तिसरं जग. ते शेजारच्या घरात राहत नाही. ते माझ्या घरात, माझ्या कपाटात आणि कधीकधी देवळाच्या पहिल्या बाकावरही बसलेलं असतं.

या तीन जगांची गल्लत झाली की माणूस नको त्याच्यापासून दूर पळतो आणि ज्यापासून सावध राहायचं त्याला घरात पाट मांडतो. शेजारणीने दिलेला दिवाळीचा फराळ घ्यावा की नाही यावर आमच्याकडे तास तास वाद झालेले मी ऐकले आहेत. त्याच घरात मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांकडून काय काय घ्यायचं, यावर मात्र कुणाला शास्त्र आठवलं नाही.

ही गल्लत का झाली, याला इतिहास आहे आणि तो आपल्या नगरचाच आहे. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, पण आपल्या तोंडी नगरच बसलंय.) अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली नगरला आली. शाळा निघाल्या. मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहायला खुद्द जोतीराव फुले इथे आले होते. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. पण जो माणूस बाप्तिस्मा घेई, त्याला बहुधा घर सुटे, पाणवठा सुटे, भाऊबंद सुटत. मग मिशनच्या आवारात घर मिळे, तिथेच काम आणि तिथेच शाळा. बाहेरच्यांनी दार लावलं म्हणून आमचे लोक आत राहिले. पुढे आतच राहण्याची सवय झाली, आणि आणखी पुढे त्या सवयीलाच आम्ही भक्ती समजू लागलो. आवाराची भिंत म्हणजे विश्वासाची सीमा, असं काहींना अजूनही वाटतं.

पण आमच्यातली खरी मोठी माणसं त्या भिंतीच्या आत मावली नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतर नगरला येऊन कित्येक वर्षं शिकवलं. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी अभंग टाकला नाही, ओवी टाकली नाही, टाळमृदंग टाकला नाही. आज नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या मंडळीत जा, ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळकांची पदं निघतात आणि म्हातारी माणसं ती पुस्तक न बघता म्हणतात. त्याआधी तीनशे वर्षांच्या सुमारास फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात बसून मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं आणि ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं. भाषा, संगीत, पेहराव, जेवण हे देवाने दिलेलं पहिलं जग आहे. ते टाकून कुणी अधिक पवित्र होत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला याहून जास्त जवळचं वाटतं, कारण त्यांच्यावर दोन बाजूंनी दाब होता. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींची इच्छा होती की बाईंनी सगळं त्यांच्या रीतीने करावं. बाईंनी येशूला स्वीकारलं, पण शाकाहार सोडला नाही आणि पटलं नाही तिथे प्रश्न विचारणंही सोडलं नाही. इकडे येऊन १८८९ साली त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं आणि बाईंनी ते पाळलं. प्रत्येक मुलीला आपापले आचार पाळायची मोकळीक होती. बाई स्वतः आपल्या खोलीत शास्त्र वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या आणि पुण्यात गदारोळ झाला. लोकांचं म्हणणं होतं, निदान दार तरी लावा. बाईंनी दार लावलं नाही. कुणाला ओढून आत आणायचं नाही आणि जे आपण आहोत ते लपवायचंही नाही, एवढी साधी गोष्ट होती. त्याची किंमत मोठी पडली. १८९३ साली सल्लागार मंडळातली नामांकित मंडळी बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे दुष्काळात केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली आल्या, तेव्हा दार उघडं ठेवणारी बाई तिथे होती.

आता यात विश्वासू राहणं कुठे आलं? मला वाटतं, दोन्ही बाजूंना ‘इथपर्यंत’ म्हणता येणं यात आलं. परक्या चालीरीतींची नक्कल म्हणजे विश्वास नाही, हे त्यांनी गोऱ्या मंडळींना दाखवलं. आणि चारचौघांच्या भीतीने दार लावून घेणं हाही विश्वास नाही, हे आपल्या माणसांना.

उघड्या दारावरून मला दानिएलाच्या उघड्या खिडक्या आठवतात. ज्यांना ही कथा माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यहूदी राज्य पडलं आणि बाबेलच्या राजाने तिथली हुशार मुलं आपल्याकडे नेली. त्यांत दानिएल होता. त्याला नवं नाव दिलं, त्याने चालवून घेतलं. परकी भाषा आणि विद्या शिकायला लावली, तो शिकला, आणि पहिला आला. राजाची नोकरी दिली, ती त्याने केली. फक्त राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस त्याने घेतला नाही. त्यासाठी त्याने भांडण काढलं नाही. अधिकाऱ्याला विनंती केली की दहा दिवस आम्हांला भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, मग ठरवा. म्हातारपणी त्याच्यावर जळणाऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट काढायचा प्रयत्न केला. मी आयुष्यभर बँकेत काढली, त्यामुळे ही कथा मला ऑडिटसारखी वाटते. त्यांनी सगळं तपासलं आणि त्यांना गैरव्यवहार किंवा हयगय काहीच सापडलं नाही. शेवटी ते म्हणाले, याला पकडायचं तर याच्या देवभक्तीतच पकडावं लागेल. आणि तो तर खिडक्या उघड्या टाकून दिवसातून तीनदा प्रार्थना करत होता.

या कथेतल्या तीन गोष्टी मला कामाच्या वाटतात. पहिली, त्याने शंभर गोष्टींना नाही म्हटलं नाही, नेमक्या एका ठिकाणी म्हटलं. दुसरी, ती रेघ त्याने तरुणपणी, ताटासारख्या लहान गोष्टीत मारली, म्हणून सिंहाच्या गुहेची वेळ आली तेव्हा त्याला नव्याने काही ठरवावं लागलं नाही. तिसरी, त्याचं काम चोख होतं. खिडकी उघडी आणि हिशेब गोलमाल, असं असतं तर त्या प्रार्थनेला बाबेलमध्ये कुणी विचारलं नसतं.

आता आपल्या गावात येऊ. आज नगरच्या किंवा पुण्या-मुंबईच्या ख्रिस्ती माणसाला कुठलं जग ओढतं? सिंहाची गुहा नसते. बहुधा लग्नाचा हॉल असतो.

मी कर्ज विभागात बरीच वर्षं होते. सर्व धर्मांची माणसं लग्नासाठी कर्ज मागायला येत, आणि त्यात आमची मंडळी मागे नव्हती. हिशेब साधा आहे. पाच लाखांचं व्यक्तिगत कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याला सुमारे ११,१०० रुपये हप्ता बसतो आणि पाच वर्षांत परतफेड होते सुमारे ६ लाख ६७ हजारांची. म्हणजे दीड लाखाहून अधिक रक्कम नुसतं व्याज. हे कशासाठी? तर स्टेजची सजावट, हजार पानं, ड्रोनचं शूटिंग आणि मुलीकडून ‘स्वखुशीने’ आलेलं फर्निचर. हुंडा हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. ‘तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ म्हणतात. १९६१ सालचा कायदा आहे, शास्त्र आहे, पाळकांचं प्रवचन आहे, आणि तरीही टेम्पो येतोच. काना गावच्या लग्नात येशू पाहुणा होता आणि तिथे द्राक्षारस संपला, म्हणजे घर साधंच असणार. त्या घराची लाज राखली गेली, हे आम्ही प्रत्येक लग्नात वाचतो. मग ज्या बापाची लाज कर्जात गेली त्याच्याकडे बघायला आम्हांला वेळ नसतो.

दुसरी ओढ जातीची. हे बोलायला जड जातं, पण आपल्या माणसांत बोलणार नाही तर कुठे बोलणार? नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळांचे पूर्वज महार आणि मांग समाजातून आले. वेशीबाहेर राहिलेल्या माणसाला कुणीतरी सांगितलं की देवाच्या घरात वेस नाही, म्हणून ते आत आले. आणि आज त्यांची पणतवंडं स्थळ बघताना फोनवर हळूच विचारतात, ‘ख्रिस्ती आहेत ते कळलं, पण मूळचे कोण?’ लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपलं सोवळं कसं सुटलं ते लिहिलं आहे. कुणी जबरदस्ती केली नाही. देवाने माणसं केली, जाती माणसांनी केल्या, असा विचार त्यांनी स्वतःशी केला आणि त्यानंतर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. ब्राह्मण घरात वाढलेल्या त्या बाईने जे सोडलं, ते आम्ही पुन्हा गोळा करत असू, तर जगाचा प्रभाव याहून वेगळा काय असतो?

तिसरी ओढ खुद्द मंडळीच्या आवारातली आहे. कमिटीच्या निवडणुका, जागांचे वाद, कोर्टकचेऱ्या. जुन्या काळी मिशनने ठेवलेल्या जमिनींना आता शहराच्या मध्यावर सोन्याचा भाव आला आहे. त्यामुळे भावाभावात तारखा पडतात आणि उपासनेच्या दिवशी दोन गट दोन दारांनी बाहेर पडतात. बाहेरच्या जगाने येऊन आम्हांला बिघडवलं, असं इथे म्हणायची सोय नाही.

आणि चौथी ओढ हातातल्या फोनची. त्यात काय बघतो हा एक प्रश्न झाला. पण त्याहून मोठा प्रश्न मला असा वाटतो की तो दिवसभर तुलना करायला लावतो. कुणी कुठे फिरायला गेलं, कुणाच्या मुलाला कितीचं पॅकेज मिळालं. लोभ करू नको ही दहा आज्ञांतली शेवटची आज्ञा आहे. शेजाऱ्याचं घर आणि त्याचा बैल यांचा लोभ धरू नको असं तीत सांगितलं आहे. पूर्वी शेजारी दोन-चार होते. आता शेजारी दोन हजार झाले आहेत आणि सगळ्यांचे बैल रोज सकाळी दिसतात.

मग करायचं काय? नोकरी सोडायची, गाव सोडायचं, डोंगरावर जायचं? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले होते, शिपाई आले होते. त्यांनी हाच प्रश्न विचारला. त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. जकातदारांना म्हणाला, ठरलं आहे त्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना म्हणाला, कुणाला लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. जागा तीच, काम तेच, हात स्वच्छ. मला हे उत्तर फार आवडतं, कारण ते उद्या सकाळी दहा वाजता करता येतं.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. शाखेचं आणि माणसाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी मी शाखाधिकारी होते. एका बड्या असामीची कर्जाची फाइल आली. तारण ठेवलेल्या जमिनीचं मूल्यांकन चढवून केलेलं होतं, ते कागदावरूनच दिसत होतं. वरून फोन आला, ‘मॅडम, करून टाका.’ मी फाइलवर लिहिलं की मूल्यांकन पुन्हा करून घ्यावं, त्याशिवाय शिफारस करता येत नाही. दोन महिन्यांत माझी बदली झाली. मुलगी दहावीला होती. तिला आणि तिच्या वडिलांना तिथेच ठेवून मी दोनशे किलोमीटरवर एका खोलीत वर्षभर राहिले. ते कर्ज माझ्यामागून मंजूर झालं. म्हणजे माझ्या नकाराने जगाचं चाक थांबलं नाही.

मग मला तो नकार देता आला कसा? मी फार शूर आहे असं नाही, माझ्या वर्गातल्या मुली साक्ष देतील की झुरळ दिसलं तरी मी बाकावर चढायचे. कारण वेगळं होतं. आम्ही लग्न झालं तेव्हाच घरात ठरवलं होतं की बँकेच्या कुठल्याही गिऱ्हाइकाकडून मिठाईच्या डब्यापलीकडे काही घरी येणार नाही, आणि तो डबाही शाखेतल्या टेबलावर फुटेल. त्यामुळे त्या असामीचं माझ्या घरात काही नव्हतं. त्याच्या ओळखीने आलेला फ्रीज नव्हता, त्याने सांगून मिळालेली ॲडमिशन नव्हती. दुसरं, आमचं घर एका पगारात भागेल असंच आम्ही चालवलं होतं, त्यामुळे बदलीची भीती होती, पण हप्त्याची भीती नव्हती. ज्याच्या डोक्यावर ऐपतीबाहेरचे हप्ते आहेत त्याला सत्य बोलणं परवडत नाही. ही माझी बँकेतली शिकवण आहे, आणि पैसा व देव या दोन धन्यांची चाकरी एकदम होत नाही असं प्रभू म्हणाला, तिचा अर्थ मला तिथेच नीट कळला.

म्हणून माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींना, आणि ऐकायची इच्छा असेल त्या सगळ्यांनाच, मी चार गोष्टी सुचवते. नव्या नाहीत. आपल्या आजीला माहीत होत्या.

पहिली : रेघ आधी मारा. प्रसंग दाराशी आल्यावर मन वकिली करतं. लग्नात किती खर्च, काय घेणार नाही, कुठल्या कागदावर सही करणार नाही, हे घरात बसून, नवराबायकोने मिळून, शक्य तर मुलांसमोर आधीच ठरवा.

दुसरी : संध्याकाळची प्रार्थना परत आणा. पूर्वी ख्रिस्ती घरात दिवेलागणीला सगळे सतरंजीवर बसत, एक पद होई, एक उतारा वाचला जाई, घरातला सर्वांत लहानसुद्धा दोन वाक्यं प्रार्थना करी. मालिकांनी ती वेळ खाल्ली आणि उरलेली फोनने. पंधरा मिनिटं पुरतात. फोन तेवढा वेळ स्टीलच्या डब्यात ठेवा. प्रार्थनेचा मोठा लाभ असा की ज्याच्याशी सकाळी भांडलो त्याच्या शेजारी बसून डोळे मिटावे लागतात.

तिसरी : देणं गुपचूप करा. दशमांश आमच्याकडे आहेच. पण पावतीवर नाव, फळ्यावर नाव, पंख्याच्या पात्यावरही नाव, हे थांबवा. एखाद्या मुलाची फी भरा आणि त्याला कळू देऊ नका. लोभाला याच्याइतका नेमका उतारा मला अजून सापडलेला नाही.

चौथी : विचारणारा माणूस ठेवा. एक तरी मित्र किंवा मैत्रीण असावी, जी समोर बसवून विचारील, ‘हे पैसे कुठून आले? भावाशी बोलणं का बंद आहे?’ एकट्याचा विश्वास फार लवकर स्वतःची समजूत घालतो.

आणि हे सगळं स्वतःचं घर सांभाळून थांबण्यासाठी नाही. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली. मीठ बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलं तर स्वच्छ राहतं खरं, पण त्याने कुणाच्या भाजीला चव येत नाही. पावसाळ्यात तर बरणीतच त्याला पाणी सुटतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी काय केलं ते आपण पाहिलं आहे. ते धर्मगुरू होते, ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणलं. पण वसईची हिरवाई आणि पाणी जाऊ लागलं तेव्हा ते चर्चच्या आवारात बसले नाहीत. हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने सर्व धर्मांच्या लोकांना बरोबर घेऊन ते लढले. २०२० साली ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, तरी ते गेले आणि आपलं म्हणणं मांडलं. विहिरीचं पाणी सगळ्यांचं असतं. त्यासाठी उभं राहणं हे त्यांच्या भक्तीचंच काम होतं.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये नेलेल्या आपल्या लोकांना एक पत्र पाठवलं होतं. त्यांना वाटत होतं, लवकर सुटून जाऊ, इथे कशाला जीव लावा. त्याने कळवलं की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तरच तुमचं होईल. शाळेत हे वाचताना ‘नगर’ हा शब्द आला की आम्हां मुलांना वाटायचं, हे आपल्याच गावाबद्दल आहे. आता वाटतं, मुलांना बरोबर कळलं होतं.

आपल्या गुरुजनांबद्दल एक सांगायचं आहे. आपल्या शिक्षकांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, एक मुसलमान सर होते. गणिताचे सर परीक्षेच्या काळात स्वतःच्या मुलाला दुसऱ्या वर्गात बसवायचे, कारण पर्यवेक्षण त्यांच्याकडे असायचं. शिवणाच्या बाई उरलेल्या कापडाचा तुकडाही वहीत लिहून ठेवायच्या. त्यांनी आम्हांला धर्म शिकवला नाही, पण हिशेब चोख ठेवणं म्हणजे काय ते दाखवलं. माझ्या विश्वासाचा बराचसा भाग मी रविवारच्या शाळेत शिकले आणि उरलेला सोमवार ते शनिवारच्या.

शेवटी माझ्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. तुम्ही आम्हांला लहानपणापासून ओळखता. आमची पदं तुम्हांला पाठ आहेत, नाताळच्या करंज्या तुम्ही खाल्ल्या आहेत. आमच्यापैकी कुणी प्रीतीवर भाषण करून भावाला कोर्टात खेचताना दिसला, देवळात पुढे आणि हुंड्यातही पुढे दिसला, तर ‘तुमच्या धर्मातलं आम्ही काय बोलावं’ म्हणून गप्प बसू नका. एका बाकावर बसलेल्याचा तेवढा हक्क असतो. सरळ विचारा, ‘अरे, शाळेत रोज काय म्हणायचास तू?’ आम्हांला राग येईल. तरी विचारा. मंडळीबाहेरच्या माणसाच्या तोंडून देवाने पुष्कळदा आम्हांला जागं केलं आहे, शास्त्रातही आणि नगरातही.

आणि तुम्ही विचाराल तेव्हा उत्तर देता यावं, एवढंच आम्हां ख्रिस्ती लोकांना आज इथून घरी घेऊन जायचं आहे. बाहेर चहा झाला आहे असं खुणेने सांगताहेत. देव आपणां सर्वांचं भलं करो.